दम मशीनला लागला होता की तुम्हाला

अहो, तुमच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट मी उघडलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून ओरडायला नको. बाजूचा पत्रा तुम्ही कधी लावलाच नव्हता, त्यामुळे उघडलं म्हणजे काय, तर त्याच्यासमोरचा टेबल फॅन सरकवला, खाली बसले आणि हात आत घातला. इतकी वर्षं त्या मशीनसमोर बसून मी लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडले, पण त्याच्या आत काय चालतं ते बघायचं काम तुमचं. मी नुसती 'हँग झालं' म्हणून ओरडायची आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरून टेबलाखाली जायचात.

तुम्ही गेलात त्याला अजून धड दोन महिने झाले नाहीत आणि मी तुमच्याशी प्रोसेसरबद्दल बोलतेय. दुसरी एखादी असती तर फोटोसमोर बसून वेगळं काही बोलली असती. पण आपण दोघं बोललो ते बहुतेक याच गोष्टींवर. तुम्ही लग्नात शूटिंग करायचं, मी पिंपळगावच्या बाजारातल्या आपल्या गाळ्यात बसून काप-जोड करून त्याचं मिक्सिंग करायचं, आणि जेवताना मी विचारायचं की नवरीची आई एकाही शॉटमध्ये नाही, तुम्ही तिथे जिलेबी खायला गेला होतात का. तुम्ही म्हणायचात, "तीच सापडत न्हवती. रडायला कुठं तरी जाऊन बसली आसन." आमटी वाढता वाढता मग मीच नरम व्हायची.

मला भीती वाटते. हे तुम्हाला नाही तर कोणाला सांगू? लोकांसमोर मी बरी असते. गाळा उघडते, झाडते, उदबत्ती लावते, पासपोर्ट फोटोला आलेल्यांना 'मान जरा वर करा' म्हणते. पण फोन वाजला की धस्स होतं, कारण फोन लग्नाचा असतो आणि पलीकडचा माणूस तुम्हाला मागतो. लाइट गेली तरी धस्स होतं. भाऊजी गाळ्यासमोर गाडी लावून आत आले तरी होतं. तुमचा भाऊ वाईट नाही, माझ्या काळजीनेच बोलतो. म्हणाला, "वहिनी, कशाला जिवाला तरास करून घेता? मोबाईलवाला एक जण गाळा मागून राह्यला. घरबसल्या भाडं येईन. तुम्हाला एकटीला हे जमायचं न्हाई." मी म्हटलं, विचार करते.

विचार कसला, तर सरळ आहे. लग्नसराई ऐन भरात आलीय. शूटिंगला परतूरचा शूटर भाड्याने मिळतो, मिक्सिंग मला येतं. पण आपलं जुनं मशीन नव्या कॅमेऱ्याचं काम ओढत नाही. नवा प्रोसेसर घेतला तर गाळा चालेल. नाही घेतला तर गाळा भाड्याने जाईल आणि मी घरी बसेन. एवढ्याशा चिपवर सगळं येऊन थांबलंय.

आपलं भांडणही अर्धंच राहिलं. मी म्हणत होते, आधी मशीन, मग कॅमेरा. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मान हलवलीत आणि पुढच्याच आठवड्यात फोर-के कॅमेरा घेऊन आलात, पेढ्यांसकट. कॅमेरा आजचा आणि मशीन आपली अक्षू प्राथमिक शाळेत होती तेव्हाचं, आणि आता अक्षू हॉस्टेलवर राहून कॉलेज करतेय. मी म्हटलं, याला हे झेपणार नाही. तुम्ही म्हणालात, "झेपन. जरा टाइम लागन, पण झेपन." मग नव्या जनरेशनचा प्रोसेसर घेऊ, असं मी म्हटलं तर तुमचं ते ठरलेलं उत्तर. "पहिल्या वर्षी नवीन जनरेशन घ्यायचीच न्हाई. लोकांना घेऊ दे, काय खोड निघती ती निघू दे, मंग आपण घेऊ."

ही तुमच्या घराची रीतच. मामंजी नवीन बियाणं आलं की आधी बांधाकडेच्या दोन ओळींत टाकायचे, आजूबाजूच्यांचं पीक बघायचे आणि मग पुढच्या वर्षी रानभर पेरायचे. तुम्ही मोबाईल तसाच घेतलात, फ्रिज तसाच घेतलात. मला बघून गेलात तेव्हासुद्धा होकार कळवायला इतका वेळ लावलात की माझ्या वडिलांनी दुसरीकडे बोलणी सुरू केली होती. तरी मी हसायची. तुमच्या थांबण्यामुळे घरात कधी फसलेली वस्तू आली नाही, हे खरंच आहे.

त्या कॅमेऱ्यावर तुम्ही एकच लग्न केलंत, आष्टीचं. तुम्ही गेल्यावर ते काम तसंच पडून होतं. दिवसकार्य झाल्यावर मी कॅमेऱ्याचं कार्ड मशीनला लावलं, सगळं उतरवून घेतलं आणि क्लिप चालू केली. सगळं अडकत अडकत चालायला लागलं. नवरी एक पाऊल टाकायची आणि थांबायची. सनईवाला एकदा फुंकायचा आणि गाल फुगवून तसाच राहायचा. चित्र अडकलं की आवाजही अडकत होता, आणि त्या सगळ्यात तुमचा आवाज होता. "नवरदेव, इकडं, इक, इकडं बघा."

लेक गेल्यापासून आत्याबाई माझ्याबरोबर गाळ्यात येऊन बसतात. घरात एकट्याने करमत नाही म्हणतात. त्या भिंतीला टेकून गहू निवडत होत्या. तुमचा आवाज आला तसा त्यांचा हात सुपातच थांबला. मी बंद करायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे." पुढची क्लिप मांडवाबाहेरची होती. कॅमेरा हलत होता, कोणाच्याच कामाचं नसलेलं दृश्य, मांडवाचा खांब आणि मागे उभी जीप. तुमचा श्वास ऐकू येत होता, तुटत तुटत. आत्याबाईंनी मान वर न करता विचारलं, "त्याला दम लागल्ता का गं?"

मी म्हटलं, "न्हाई आत्याबाई, मशीनला दम लागला." त्या पुन्हा गहू निवडायला लागल्या. पण त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं. त्या दिवसापासून मला मशीनची भीती वाटायला लागली.

कारण डॉक्टरांनी मला काय विचारलं ते तुम्हाला माहीत नाही. आष्टीहून तुम्ही आलात ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. म्हणालात, ऊन लागलं. मी लिंबाचं सरबत दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणालात, पित्त झालं, आणि जेवला नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवलात आणि छातीवर हात नेलात. जालन्याला पोहोचलो तेव्हा उशीर झालेला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "याआधी काही त्रास झाला होता? छातीत, दम लागणं वगैरे?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलले नाही, मला तेवढंच माहीत होतं. पण मांडवात तुम्हाला दम लागला असेल, तर मधला सगळा वेळ आपल्या हातात होता. त्या वेळात जालना काय, संभाजीनगरही गाठता आलं असतं. आणि तो दम नुसता मशीनचा असेल, तर आपल्या हातात काहीच नव्हतं आणि मी झोपू शकते. त्या अडकणाऱ्या क्लिपवरून मला काहीच कळत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्यात कार्ड घालून ऐकायचं होतं, मोबाईलवर टाकून ऐकायचं होतं. मला कळत नाही का? सगळं कळतं. तुम्हीच शिकवलंय. पण मी ते केलं नाही. कॅमेऱ्याची बॅग कपाटावर ठेवून दिली आणि स्वतःला सांगितलं की मशीन बदललं की बघू. जुन्या मशीनच्या आड लपून बसले होते. जोपर्यंत ते अडकत होतं तोपर्यंत तुमचा दमही मशीनचाच होता.

मग आष्टीचे पाहुणे आले, नवरीचे वडील. दारात चप्पल काढून आत आले, तुमच्या फोटोला हात जोडले आणि स्टुलावर टोकाला बसले. म्हणाले, "बाई, घाई करायला आलो न्हाई. तुमच्यावर काय परसंग ते माहीत हाय. पण पोरगी सासरी गेली आन् तिची आई रोज इचारती, व्हिडिओ कधी येईन. तिला पोरीला बघायचंय." मी म्हटलं, देते. त्यांनी पुन्हा विचारलं, "तुम्हीच करताल ना?" आणि मी हो म्हणून बसले. ते गेले आणि मला आता लपायला जागा राहिली नव्हती.

शकीलभाईंना फोन लावला. आपलं जुनं मशीन त्यांनीच जालन्याच्या दुकानात जोडून दिलेलं, म्हणून त्याची नाडी त्यांना ठाऊक. ते म्हणाले, "भाभी, सच बोलू का? सिर्फ प्रोसेसर बदलून काम न्हाई होणार. नवीन जनरेशन जुन्या बोर्डात बसतच न्हाई. बोर्ड नवा, रॅम नवी, सगळा खर्चा येतो." मग म्हणाले, "मागच्या जनरेशनचा माल भी हाय माझ्याकडं. जमलेला, खोड सगळी कळलेली. दादा असते तर बिलकुल तोच घेतले असते."

ते बरोबर बोलले. तुम्ही तोच घेतला असता. मी फोन ठेवला आणि विचार करत बसले. तुमच्या शब्दाबाहेर जायचीसुद्धा भीती वाटत होती, तुम्ही नसताना जास्तच. नवा घेतला आणि फसला तर? सगळे म्हणतील, तो असता तर हे झालं नसतं. भाऊजींना तर बोलायला जागाच मिळेल. कागद-पेन्सिल घेऊन मी दोन्हींचा हिशेब मांडायला बसले, पण मन हिशेबात नव्हतं. मनात एकच होतं, हिवाळ्यातलं ते तपासणी शिबिर. तिथे तुमचं बीपी जास्त निघालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जालन्याला जाऊन छातीची ईसीजी पट्टी काढून घ्या. तुम्ही म्हणालात, "सीझन उरकू दे, मंग जाऊ."

मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू न येता नुसता राग आला. सगळ्याला 'मंग'. मोबाईलला मंग, प्रोसेसरला मंग, छातीला मंग. मी शकीलभाईंना पुन्हा फोन लावला आणि सांगितलं, नवीन जनरेशनचाच द्या. ते म्हणाले, "सोच लो भाभी." मी म्हटलं, विचार करूनच सांगतेय.

जालन्याला न्यायचं म्हणून कॅबिनेट पुसायला घेतलं. आत बघते तर पंख्याच्या पात्यांवर कुंकू वाळलेलं, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात अक्षतांचे दाणे. खंडेनवमीला आत्याबाई त्याची पूजा करायच्या. पत्रा उघडा दिसला की हात थेट आत. तुम्ही दरवर्षी ओरडायचात, "आई, आत न्हाई, वरून लाव." त्या म्हणायच्या, "काम आतून करतं आन् पूजा वरून करू का?" आणि तुम्ही ब्रश घेऊन संध्याकाळपर्यंत एकेक दाणा टिपत बसायचात. तुमच्या नजरेतून सुटलेले दाणे मी टिपले. हसूही आलं, खरं सांगते.

एसटीत कॅबिनेट मांडीवर घेतलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी आवळून धरत होते. शेजारच्या बाईने विचारलं, "लेकरू हाय का?" मी म्हटलं, कॉम्प्युटर हाय. ती जरा सरकून बसली.

शकीलभाईंनी चहा सांगितला आणि नवा बोर्ड टेबलावर ठेवला. मला वाटलं, मी बाजूला बसेन आणि ते सगळं जोडून देतील. त्यांनी प्रोसेसरची डबी उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही बसवा भाभी." मी नाही म्हणाले. म्हटलं, शकीलभाई, माझ्याच्याने व्हायचं नाही. ते म्हणाले, "उद्या गावात काही बिघडलं तर मला यायला वेळ लागन. एकदा हातानं केलं की डर जाती." डर गेली नाही, पण मी हात पुसले. चिप खारीच्या तुकड्याएवढी. तिच्यावरचा कोपऱ्यातला त्रिकोण आणि बोर्डावरचा त्रिकोण जुळवायचा आणि वरून सोडायची, दाबायची नाही. खाली केसासारख्या पिना. एक वाकली की बोर्ड गेला, हे मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं. मी श्वास धरून ती ठेवली. मग तिला जागेवर घट्ट धरणारी दांडी खाली ओढायची होती. दांडी दाबली तर कर्रर्र असा आवाज आला, काहीतरी मोडल्यासारखा. माझ्या तोंडून ओरडच निघाली. शकीलभाई शांतपणे म्हणाले, "आवाज येतोच भाभी. बराबर बसला म्हणून येतो." तुम्हालाही हा आवाज येत असणार दर वेळी. तुम्ही कधी बोलला नाहीत.

मशीन सुरू झालं. गावी आणलं, गाळ्यात लावलं. भाऊजींना सांगितलं, गाळा देत नाही. ते मशीनकडे बघून म्हणाले, "बरं. लाइटीची सोय करून देतो मंग, इन्व्हर्टर टाकू." मी म्हटलं ना, वाईट नाही तुमचा भाऊ.

आज आत्याबाईंना मुद्दाम घरी ठेवून आले. पहिल्यांदा एकटीनेच ऐकायचं होतं. तुम्हाला आठवतं का, तुम्ही मला मिक्सिंग शिकवलंत तेव्हा पहिलं काम कोणतं दिलंत? तुमचाच आवाज कापायचं. 'नवरदेव हसा', 'मामा, जरा मागं', 'ताई, पदर' हे सगळं लोकांच्या व्हिडिओत जायला नको, त्याच्यावर गाणं टाकायचं. इतक्या वर्षांत मी लग्नामागून लग्न तुमचा आवाज कापत आले. त्या कामाने मला हात दिला, खुर्ची दिली, गावात नाव दिलं. लोक मला तुमची बायको म्हणण्याआधी स्टुडिओवाल्या बाई म्हणतात, ते तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्ही टेबलाखाली असताना असल्या गोष्टी सुचत नाहीत.

स्पेसबारवर बोट ठेवून किती वेळ बसले ते विचारू नका. एकदा उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले. मग दाबलं. नवरी चालत आली, एकदाही न थांबता. सनईवाल्याने पूर्ण दम घेऊन फुंकलं. "नवरदेव, इकडं बघा, लग्न तुमचंच हाय," तुम्ही म्हणालात आणि मागे कोणीतरी हसलं. तुमचा आवाज इतका जवळून आला की मी मागे वळून बघितलं. मग ती मांडवाबाहेरची क्लिप आली. खांब, जीप, हलणारा कॅमेरा. आणि तुमचा श्वास. चित्र सरळ चाललं होतं, जीपजवळची पोरं धावत गेली ती नीट धावत गेली, आणि तुमचा श्वास तुटकच होता.

कॅमेरा खाली गेला. तुमच्या चपला दिसल्या, माती दिसली. कोणाचा तरी आवाज आला, "काय झालं हो? बसा जरा खुर्चीवर." तुम्ही म्हणालात, "काही न्हाई, ऊन लागलं." तो माणूस म्हणाला, "घरी फोन लावू का?" तुम्ही श्वास घेतलात आणि एकही अक्षर न अडकता म्हणालात, "नको. ती लई घाबरती."

मी ती क्लिप वेगळी ठेवली. मग आष्टीच्या लग्नातून तेवढा भाग कापला, बाकीचे तुमचे आवाजही कापले, त्यावर सनई टाकली. त्या माउलीला तिची लेक बघायचीय, तिला बघू दे. आत्याबाई संध्याकाळी विचारतील. त्यांना मी खरं सांगणार आहे. त्यांच्यापासून लपवणार नाही, लपवून काय झालं ते बघितलं मी.

बरोबर बोललात, मी घाबरते. घाबरत एसटीत बसले, घाबरत ती दांडी दाबली, घाबरत आज तुम्हाला ऐकलं. पण त्या माणसाला फोन लावू द्यायचा होता हो. मी घाबरले असते, पण आले असते.